बास्केटबॉलसाठी दमसास: मुलींना आवडणारा सराव पुरेसा ठरतो का?

कॉलेज रोडकर
नमस्कार. नाशिकमध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या एका संघाचा सराव मी हौसेने घेतो. चौदा मुली, सिमेंटचे एकच मैदान आणि संध्याकाळचा सव्वा तास एवढेच आमचे भांडवल आहे. सामन्याच्या चारपैकी तीन क्वार्टर आम्ही बरोबरीने खेळतो, पण शेवटच्या दहा मिनिटांत बचाव करताना मुलींचे पाय उचलेनासे होतात. त्यासाठी मी गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर अर्धा तास धावणे, रेषांना शिवून परतण्याचे ‘सुसाइड’ आणि रविवारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या असे तीन उपाय करून पाहिले. पायऱ्यांना सगळ्या हसत येतात, जॉगिंगला निम्म्याच येतात आणि सुसाइडचा वार आधी कळला, तर त्या दिवशी कोणाचे तरी पोट हमखास दुखते. जे आवडते तेच उपयोगाचेही असते, असे मानावे का?

जुना पॉइंट गार्ड
सर, अर्धा तास एका लयीत धावणे अगदीच वाया जात नाही, कारण दोन धावांमधल्या विश्रांतीत शरीर किती लवकर सावरते, हे त्याच पायावर ठरते. मात्र बास्केटबॉलमध्ये कोणी एका लयीत धावत नाही. 24 सेकंदांत चढाई संपवायची असते, त्यात दोन-तीन जोरदार धावा, एखादी उडी आणि पुन्हा बचावाला परतणे येते. म्हणून माझा कौल तीन विरुद्ध तीनच्या छोट्या सामन्यांना आहे. दोन्ही अर्ध्या मैदानांत मिळून बारा मुली खेळतील, उरलेल्या दोघी गुण मोजतील आणि दर फेरीला बदलतील. चार मिनिटे खेळ, दोन मिनिटे विश्रांती, अशा चार फेऱ्या घ्याव्यात. ड्रिबलला (चेंडू आपटत पुढे नेण्याला) बंदी केली की चेंडू मिळवण्यासाठी प्रत्येकीला धावावेच लागते, आणि चेंडू बाहेर गेला की आपण हातातला दुसरा चेंडू लगेच आत टाकावा, म्हणजे दम खायला फट राहत नाही. थ्री बाय थ्रीच्या अधिकृत सामन्यात चढाईला 12 सेकंदच मिळतात. तोच नियम लावून पाहा, मुलींना दमल्याचे शिटी वाजल्यावरच कळेल.

सिडकोतली शिटी
वरील मत मला अर्धेच पटते. छोट्या सामन्यात चपळ मुली आणखी चपळ होतात आणि कामचुकार मुली कोपऱ्यात उभ्या राहून बचावतात. सुसाइडमध्ये लपायला जागा नसते. 28 मीटरच्या मैदानात जवळची फ्री थ्रो रेषा (जिथून कोणी न अडवता बास्केटवर चेंडू मारायचा असतो), मध्यरेषा, पलीकडची फ्री थ्रो रेषा आणि शेवटची रेषा यांना शिवून दर वेळी परतले, की 140 मीटर भरतात, त्यामुळे महिन्यापूर्वीची वेळ आणि आजची वेळ शेजारी ठेवून पाहता येते. बिघडते ते आपण त्याची शिक्षा करतो म्हणून. उशीर झाला, फ्री थ्रो हुकला, की ‘लावा सुसाइड’ असे म्हणणाऱ्या प्रशिक्षकाने नंतर मुलींच्या पोटदुखीचे नवल करू नये (मीही हेच करत असे). आठवड्यातून एकदाच, चारच फेऱ्या, दोन गटांच्या शर्यतीत घ्या आणि प्रत्येक फेरीनंतर धापा टाकतानाच दोन फ्री थ्रो मारायला लावा. सिमेंटवर याहून जास्त नको, नडग्या दुखू लागतात.

खो-खोवाली ताई
दादा, चेंडू बाजूला ठेवून एक दिवस खो-खो खेळवा. मैदान जवळपास तेवढेच असते. पाठलाग करणारीला दिशा बदलता येत नाही, पण पळणारी बसलेल्यांच्या मधून सारखी वळत राहते, आणि बचावात लागणारे नेमके तेच वळणे आहे. पळणाऱ्या पटकन बाद होतात, म्हणून तुकड्या लहान ठेवून लवकर बदला.

कॉलेज रोडकर
सर्वांचे आभार. पांडवलेण्यांविषयी कोणीच बोलले नाही, पण उत्तर ध्यानात आले: पायऱ्यांनी मांड्या आणि छाती तयार होते, अचानक थांबणे आणि वळणे मात्र तिथे शिकता येत नाही. रविवार तसाच ठेवतो, फक्त उतरताना धावू देणार नाही. जॉगिंग आठवड्यातून एकदाच ठेवून मंगळवारी तीन विरुद्ध तीन आणि शुक्रवारी शर्यतीचे सुसाइड घेतो. ताई, सिमेंटवर खो-खो खेळताना गुडघे फुटू नयेत म्हणून झेप घेण्यास बंदी केली, तर खेळाची मजा जाईल का?