लग्नाच्या व्हिडिओसाठी माणूस निवडताना नेमकं काय तपासायचं?

गोदाकाठ:
बहिणीचं लग्न डिसेंबरात, नाशिकला लॉन्सवर. गोरज मुहूर्त, ६ वाजून १२ मिनिटांचा. दोन कोटेशन आली आहेत, एक ६० हजारांचं आणि दुसरं १ लाख ४० हजारांचं. दोन्हींत तेच शब्द: ट्रॅडिशनल, सिनेमॅटिक, ड्रोन. रील्स दोघांच्याही सुंदर आहेत. मग खरा फरक ओळखायचा कसा?

अंतरपाट:
रील बाजूला ठेवा. वर्षभराच्या लग्नांतले निवडक शॉट जोडले की कुणाचीही रील छान दिसते. दोघांकडेही एकाच लग्नाची, शक्यतो गोरज मुहूर्ताची, न कापलेली फिल्म मागा. तिच्यात ‘तदेव लग्नं’ सुरू झाल्यापासून हार घालेपर्यंतचा भाग पाहा. तिथेच माणसाची पारख होते.

वधू-वर समोरासमोर उभे असतात आणि मध्ये अंतरपाट असतो. एका कॅमेऱ्याला दोन्ही चेहरे मिळूच शकत नाहीत. एक कॅमेरा वराच्या खांद्यामागून वधूवर आणि दुसरा वधूच्या मामांच्या बाजूने वरावर, एवढं हवंच. तिसरा ट्रायपॉडवर, मांडवाच्या मागच्या बाजूला, तीन-चार फूट उंच प्लॅटफॉर्मवर. शेवटच्या अक्षतेला सगळे उठून उभे राहतात आणि हातातले मोबाइल वर जातात. प्लॅटफॉर्म नसेल तर त्या कॅमेऱ्यात फक्त मोबाइलच येतात. तो प्लॅटफॉर्म मंडपवाला देणार की व्हिडिओवाला, हे आधीच ठरवा. दोघेही दुसऱ्यावर ढकलतात.

आणि ‘कॅमेरे किती’ यापेक्षा ‘माणसं किती आणि कोण’ हे विचारा. दाट मुहूर्ताच्या दिवशी एक स्टुडिओ दोन-तीन लग्नं घेतो आणि बाहेरची मुलं पाठवतो. ज्याचं काम तुम्हाला आवडलं, तोच मुहूर्ताला कॅमेऱ्यामागे असेल, हे नावासकट लिहून घ्या. दोन कोटेशनमधला बराचसा फरक इथेच निघेल.

सनई_चौघडा:
आवाजाबद्दल कुणी विचारत नाही, आणि लग्नाच्या फिल्मची माती बहुतेक वेळा तिथेच होते. कॅमेऱ्यावरच्या माइकला गुरुजींचा नाही, शेजारच्या काकूंचा आवाज आधी ऐकू येतो.

तीन सोयी हव्यात. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट लाइन घेऊन वेगळ्या रेकॉर्डरवर रेकॉर्डिंग, गुरुजींना कॉलर माइक आणि वराला कॉलर माइक. वराचा माइक छातीच्या मधोमध लावू नका, हार तिथेच घासतो आणि मग नुसती खरखर राहते. कॉलरच्या आत, बाजूला लावायचा. वायरलेस माइक ट्रान्समीटरमध्येच, म्हणजे अंगावर लावलेल्या डबीतच, रेकॉर्डिंग करणारा हवा, कारण २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त सेट गर्दीत मध्येच तुटतात.

मंगलाष्टकं संपताच वाजंत्री एकदम सुरू होते. पातळी मंत्रांच्या हिशेबाने लावलेली असेल तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज एडिटिंगमध्ये सुधारत नाही. त्यासाठी १२ डेसिबल खाली, म्हणजे कमी पातळीवर, दुसरा ट्रॅक सोबत रेकॉर्ड करायचा; तोच सेफ्टी ट्रॅक. ‘सेफ्टी ट्रॅक ठेवता का?’ एवढं विचारा. उत्तर देताना अडखळला तर समजून जा.

मांडवप्रकाश:
६:१२ म्हणजे डिसेंबरात नुकताच सूर्य मावळलेला असतो. दर पाच मिनिटांनी उजेड बदलतो. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची कॅमेऱ्याची सेटिंग) ऑटोवर असेल तर चेहरा एका शॉटमध्ये निळा, पुढच्यात पिवळा. तो हाताने ठरवून अंधार पडल्यावर पुन्हा लावणारा माणूस हवा.

आपली वीज ५० हर्ट्झची. स्वस्त एलईडी दिव्यांखाली सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद, ५० फ्रेम असतील तर १/१०० सेकंद ठेवलं तर चित्रात पट्टे येत नाहीत. १/६० वर ठेवलं तर सरकणारे पट्टे दिसतात. नमुना फिल्ममध्ये एलईडी वॉलसमोरचे शॉट मुद्दाम पाहा.

डेकोरेटरलाही सांगा, मुहूर्ताच्या वेळी स्टेजवरचे जांभळे-गुलाबी पार लाइट बंद आणि समोरून दोन्ही बाजूंनी साधा पांढरा उजेड. चेहऱ्यावर पडलेला जांभळा रंग नंतर काढता येत नाही.

गोदाकाठ:
मनापासून आभार. ड्रोन आणि करार यांबद्दल कुणी सांगेल का?

अंतरपाट:
ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा जड असेल आणि काम पैसे घेऊन असेल, तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. दोन्ही पार्ट्यांना ते दाखवायला सांगा. नाशिकला ओझरचा विमानतळ, देवळालीचा तोफखाना, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना आहे. त्यामुळे लॉन्स कोणत्या झोनमध्ये येतं ते सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोन पोर्टलच्या नकाशावर पाहिल्याशिवाय ड्रोनचे पैसे कबूल करू नका. परवानगी असली तरी साडेपाचच्या आत शॉट उरकायचे. मंगलाष्टकं चालू असताना डोक्यावर घरघर नको, आणि खाली माणसं असताना तर मुळीच नको.

डेटाचा हिशेब असा: ४के व्हिडिओ, सेकंदाला १०० मेगाबिट (एमबीपीएस) असेल तर तासाला ४५ जीबी. तीन कॅमेरे, सहा तास म्हणजे ८१० जीबी. कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंग होतं का, आणि दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी होईपर्यंत कार्ड पुसत नाहीत ना, हे विचारा. काही जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. म्हणून मुहूर्ताच्या पाच मिनिटं आधी नवी क्लिप सुरू करायची.

करारात तारखेसकट लिहून घ्या: फिल्म कधी, त्यात बदल किती वेळा, मूळ फुटेज मिळणार का आणि ते किती महिने सांभाळणार. शेवटचे २५ टक्के पैसे फिल्म हातात आल्यावरच द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन करवून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक ग्राहक असतो. ‘सर्व हक्क स्टुडिओकडे’ ही ओळ छापील फॉर्मच्या तळाशी असेल तर सही करण्याआधी खोडायला लावा. बहिणीचे रील तिला विचारूनच टाकायचे, हेही लिहा.

मांडवप्रकाश:
एक राहिलं. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही, मग फिल्मचे तुकडे करून देतात. एक्सएफएटी फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर घ्या, आणि ४के सोबत एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटमधली, १०८० रिझोल्यूशनची एक प्रतही मागा. आजी-आजोबांच्या जुन्या टीव्हीवर तीच चालेल.