मदत हवी आहे: बेलिफ (कोर्टाचा आदेश बजावणारा कर्मचारी) जप्तीला आला, तर शिलाई मशीन नेऊ शकतो का?

नमस्कार. माझे बाबा शिंपी आहेत. कापडाच्या उधारीवरून एका व्यापाऱ्याने दिवाणी दावा लावला होता. हुकूमनामा बाबांच्या विरोधात गेला आणि आता दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कोर्टात केलेल्या अर्जात) जप्तीचं वॉरंट निघालंय. परवा बेलिफ येऊन गेले, घरी फक्त आई होती. ती इतकी घाबरली की दोन दिवस धड जेवली नाही.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 वाचली. कलम 60 प्रमाणे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची अवजारं जप्त होत नाहीत. कलम 62 प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी घरात शिरता येत नाही. एवढं कळलं.

पण बाबांकडे साधी दोन मशिनं आणि एक ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवायचं मशीन) आहे, हाताखाली एक कारागीरही आहे. तिन्ही मशिनं 'अवजारं' धरली जातील का? आणि फ्रिज माझ्या पगारातून घेतलाय, बिल माझ्या नावावर आहे. ते बेलिफला दाखवलं की पुरे, की कोर्टात अर्ज द्यावा लागेल?

पैसे बुडवायचे नाहीत. हप्ते बांधून मिळाले तर फेडू. कुणी यातून गेलं असेल किंवा वकील असाल, तर कृपया लवकर सांगा.