टेनिसमधल्या प्रतिस्पर्ध्यांच्या शैलीवर पुस्तक सुचवा (५०० रुपयांपर्यंत)

हिरवळ: टेनिसपटू आगासीचे आत्मचरित्र 'ओपन' नुकतेच वाचून संपवले. सॅम्प्रसची सर्व्हिस आणि आगासीचा रिटर्न पाहत वडिलांबरोबर जागवलेल्या रात्री आठवल्या. परंतु पुस्तकाचा भर त्याच्या आयुष्यावर आहे आणि मला मात्र एकाच्या खेळामुळे दुसऱ्याला आपला खेळ कसा बदलावा लागतो, हे वाचायचे आहे. इंग्रजी चालेल.

रात्रपाळी: 'ओपन'च घ्यावे, मी ते तीनदा वाचले आहे. २००१ च्या अमेरिकन ओपनमध्ये या दोघांच्या उपांत्यपूर्व सामन्यात चार सेटमध्ये एकदाही कोणाची सर्व्हिस भेदली गेली नाही, म्हणजे आपल्या सर्व्हिसचा गेम कोणीच गमावला नाही. तो सामना ज्याने पाहिला, त्याला शैली वेगळी शिकवावी लागत नाही.

नदीकाठ: धागाकर्त्याने 'ओपन' वाचलेले आहे. २००८ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यावरचे वर्थाइम यांचे 'स्ट्रोक्स ऑफ जीनियस' घ्या. मी पुठ्ठाबांधणीची प्रत १,४०० रुपयांना घेतली आणि ते पैसे सार्थकी लागले. सामना संपला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे पावणेदोन वाजले होते. नदालचा डावखुरा टॉपस्पिन (पुढे फिरकी दिलेला, उंच उसळणारा फटका) फेडररच्या एकहाती बॅकहँडवर खांद्याइतका उसळायचा, सगळे कोडे तिथेच होते.

पायरी: केवळ बॅकहँडला दोष देणे मला मान्य नाही. ९० चौरस इंचांची रॅकेट सोडून ९७ ची घेतल्यानंतर, २०१७ च्या मेलबर्नमधील ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात फेडररने नदालचे तेच चेंडू उसळी घेतानाच टोलवले आणि पाचव्या सेटमध्ये १-३ असा मागे असूनही तो जिंकला.

नदीकाठ: रॅकेट नंतर बदलली, मी २००८ बद्दल लिहिले होते.

जुनाबाजार: मॅकफी यांचे 'लेव्हल्स ऑफ द गेम' मात्र घेऊ नका. १९६८ च्या फॉरेस्ट हिल्समधील अमेरिकन ओपनच्या, अॅश आणि ग्रेबनर या अमेरिकन खेळाडूंच्या एकाच उपांत्य सामन्यावर अख्खे पुस्तक आहे. मी पदपथावरून १५० रुपयांना घेतलेल्या प्रतीत शेवटची पाने नव्हती, आणि इतका जुना खेळ आता कोण लक्षात ठेवतो?

सायंकाळ: मार्टिना नवरातिलोवा आणि ख्रिस एव्हर्ट यांना विसरू नका. ८० सामने झाले, ४३ मार्टिनाने जिंकले, ३७ ख्रिसने. मार्टिना नेटकडे धावणारी, ख्रिस बेसलाइन (मैदानाची मागची रेघ) न सोडणारी. आणि १९८५ ला पॅरिसमध्ये, फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात, ख्रिसनेच तिसरा सेट ७-५ असा जिंकला. पुस्तक कोणतेही घ्या, पण या दोघींवरचे घ्या.

रात्रपाळी: माझे मत अजूनही 'ओपन'च.

हिरवळ: सर्वांचे मनापासून आभार. मी मॅकफी यांचेच पुस्तक मागवले आहे, नवी प्रत, ५०० रुपयांच्या आत. जुनाबाजार यांनी सांगितलेली उणीव हीच मला हवी असलेली गोष्ट आहे: एकच सामना, आणि डेव्हिस चषकात (देशांच्या संघांच्या टेनिस स्पर्धेत) एकाच संघातून खेळणारे, एकमेकांचा खेळ पूर्ण ओळखणारे दोघे. शेवटच्या पानांत काय आहे ते, जुनाबाजार, तुम्हाला येथेच लिहून कळवतो.