मेलेल्या लिंका कोण जिवंत करतं?
विकिपीडिया फुकट आहेच, मग दुसऱ्या संस्थांनी त्याच्याशी हातमिळवणी करायची गरज काय, असं काहीजण म्हणतात, ते नाही पटलं. लेख उघडतो हो, पण तळटीपेवर क्लिक केलं आणि 'पेज सापडलं नाही' आलं तर पडताळणार कसं? लेख तपासताना माझे तासन्‌तास यात गेलेत. इंटरनेट आर्काइव्ह पण ना-नफा संस्थाच, तिथला बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्रॅम) विकिपीडियावरची मेलेली लिंक हुडकून वेबॅक मशीनमधली, म्हणजे त्यांच्या वेबपानांच्या संग्रहातली, जुनी प्रत तिथे जोडतो. २०१८ पर्यंत अशा ९० लाखांवर लिंका परत चालू झाल्या, साधारण ६० लाख बॉटने आणि ३० लाखांहून जास्त स्वयंसेवकांनी एकेक करून! एकट्या कुणाला जमलं असतं का हे?