दीड महिन्याच्या बाळाला ‘रडू दे’ कसं म्हणवतं?

चाफा: काल इथे एका आईने विचारलं होतं, "मुलगी दीड महिन्याची आहे, रात्री १० ते १ किंचाळते, काय करू?" त्यावर उत्तर आलं, "उचलू नका, अंगाची सवय लागते. दोन रात्री रडू द्या, तिसऱ्या रात्री गप झोपेल." तेव्हापासून डोकं फिरलंय.

अहो, दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढतं, सहाव्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. दिवस कुठला, रात्र कुठली, हेच तिला अजून कळत नाही. दर दोन-तीन तासांनी भूक. त्यात सवय कसली लावताय? माझी लेक पालथी हातावर घेतली, डोकं माझ्या कोपराशी, पोट तळव्यावर, आणि पंखा मोठा केला की शांत व्हायची. महिनाभर डावा खांदा दुखत होता.

नाशिककर: ते उत्तर माझं. पहाटे ५ ची शिफ्ट असायची, बायको आजारी. रडू दिलं म्हणून आम्ही तगलो. मुलगा आज दहावीला आहे, काही बिघडलं नाही त्याचं.

चाफा: तेव्हा तो केवढा होता?

नाशिककर: आठ महिन्यांचा.

चाफा: मग आठ महिन्यांचा अनुभव दीड महिन्याच्या पोरीला कशाला सांगता?

रमाआजी: भांडताय कशाला? घुटी द्या. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळाचा एक वेढा जास्त. माझी चारही पोरं तशीच झोपली.

निशिगंध: आजी, जायफळाने गुंगी येते. ती झोप नव्हे. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. मुंबईत गिरणीवर जाणाऱ्या बाया पोरांना अफूची बाळगोळी देऊन जायच्या. तीही पोरं गप झोपत.

रमाआजी: अफूशी तुलना करतेस? आम्ही पोरांना विष घातलं म्हणायचंय का तुला? सहाण उकळत्या पाण्याने धुवून उगाळत होते मी.

चाफा: तुम्ही धुवत असाल. आमच्याकडे आदल्या दिवशीची सहाण पदराने पुसून घेतली. तिसऱ्या दिवशी लेकीला जुलाब, हाताला सलाईन. ती सुई मी अजून विसरले नाही.

रमाआजी: तसं झालं असेल तर वाईट झालं. माझ्या हातची घुटी तशी नव्हती, एवढंच.

मी_दर्यावर्दी: वेढे मोजताय सगळे. त्या बाईचा नवरा रात्री कुठे झोपतो, ते एकाने तरी विचारलं का? मी बाहेरच्या खोलीत झोपायचो, ‘सकाळी ऑफिस आहे’ म्हणून. बायको अजून बोलून दाखवते, आणि बरोबरच आहे तिचं.

नाशिककर: वय मी नीट वाचलं नव्हतं. दीड महिन्याला माझा सल्ला लागू नाही, मान्य. पण थकलेल्या आईला ‘अजून उचल’ एवढंच सांगणार असाल तर तेही चूक आहे.

जुई_२: ती आई मीच. परवा रात्री हात थरथरायला लागले, तिला गदागदा हलवावंसं वाटलं. पाळण्यात ठेवली, गॅलरीत जाऊन दार लावलं आणि रडले. तेव्हापासून स्वतःची लाज वाटतेय.

निशिगंध: जुई, अगदी बरोबर केलंस. असं वाटलं की पाठीवर निजवायचं आणि दहा मिनिटं बाहेर. हलवायचं कधीच नाही, मेंदूला इजा होते. दूध ओढत नसेल, हिरवी उलटी झाली किंवा ताप १००.४ असेल तर मात्र त्याच रात्री डॉक्टर. आणि तुला दिवसाही रडू येत असेल तर तुझ्यासाठीही डॉक्टर.

नाशिककर: ताई, माझ्या उत्तराने त्रास झाला असेल तर माफ करा. रात्रीची एक पाळी तुमच्या मिस्टरांना द्या.

जुई_२: काल यांनाच घेऊन बसायला सांगितलं. चाफाताईंसारखी पालथी, हातावर. पावणेबाराला डोळा लागला, मग पाठीवर निजवली. मी साडेतीन तास सलग झोपले.