घाटातली ट्रॉली: तुमचा अनुभव लिहा

मंडळी, उसाचा हंगाम तोंडावर आलाय. आपला सोलापूरचा मुलूख सपाट, त्यामुळे पोरांना घाट पहिल्यांदा भेटतो तो भरली ट्रॉली मागं असतानाच. ज्यांनी नेलीय त्यांनी लिहा. सुरुवात माझ्यापासून.

तुळजापूरहून सोलापूरला सोयाबीनची पोती आणत होतो. घाटाच्या तोंडाशी तिसऱ्या गिअरमध्येच होतो, म्हटलं पुढं उतारावर दुसरा टाकू. ट्रॉलीनं मागून रेटा दिला. क्लच दाबला, गिअर पडेना. क्लच दाबलेला म्हणजे इंजिनाची पकड सुटलेली, तेवढ्या चार-पाच सेकंदांत ट्रॅक्टर असा सुटला की नुसता ब्रेक पुरला नाही. डोंगराकडच्या चरात चाक घातलं म्हणून थांबलो. ट्रॉली जोडणाऱ्या हुकाच्या पिनेला बाक आला होता. तेव्हापासून उतार लागायच्या आधीच गाडी थांबवून बारका गिअर टाकतो. मग मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवू देत.

मोहोळहून: शेतात वळायला डावा-उजवा ब्रेक वेगळा लागतो, म्हणून पेडल जोडणारी पट्टी काढलेली. तशीच रस्त्यावर आणली. उतारावर पाय एकाच पेडलवर पडला, ट्रॅक्टर एका अंगाला ओढला आणि ट्रॉली आडवी आली. बांधावरून रस्त्यावर येताना आता पट्टी आधी लावतो.

अक्कलकोटहून, एक ताई: आमचे हे मोठा ट्रेलर घेऊन कुंभार्ली घाटातून चिपळूणला जातात. एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनाकडूनच वेग दाबणारा) आणि बारीक गिअर, पायाचा ब्रेक अगदी लागेल तेवढाच. ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आला की जागा बघून थांबतात, चाकांना दगड लावतात आणि ड्रम आपोआप निवू देतात. तापल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडा जातो. मी फोन केला तरी ते घाटात उचलत नाहीत, आणि मला तेच बरं वाटतं.

बार्शीहून: डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, करू नका. चढाचंही ऐका. माझ्यापुढच्या ट्रॉलीची पिन चढावर निसटली होती. जाड साखळी होती म्हणून ट्रॉली मागं आली नाही. कोजागरीला त्याच तुळजापूरच्या रस्त्यानं सोलापूरची माणसं रात्रभर पायी चालत असतात. त्या दोन दिवसांत मी ट्रॉली घाटात घालतच नाही.

मोहोळहून पुन्हा: दादा, ती वाकलेली पिन सरळ करून वापरली का बदलली?

बदलली. जुनी टपावर टांगून ठेवलीय, नवा ड्रायव्हर आला की आधी ती हातात देतो.