मुलगी होस्टेलवर चाललीय, फिट्सबद्दल रूममेट्सना किती सांगावं?

नमस्कार मंडळी,

लेक १९ वर्षांची. येत्या जुलैत पुण्याला होस्टेलवर राहायला जाणार. दहावीत असताना अपस्माराचं निदान झालं, जुवेनाइल मायोक्लोनिक प्रकारचा. यात सकाळी उठल्या उठल्या हातांना झटके बसतात. दात घासताना ब्रश उडून बेसिनमध्ये पडायचा, चहाचा कप सुटायचा. आजी म्हणायची, धांदरट झालीये पोरगी. मग शाळेत प्रार्थनेच्या वेळी मोठी फिट आली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी दातांत चमचा घालायला धावलं. त्यानंतर मुली तिच्यासोबत डबा खाईनात.

सध्या लेव्हेटिरासेटम ही फिट्सची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. या प्रकारात व्हॅल्प्रोएट हे दुसरं औषध चांगलं लागू पडतं, पण पुढे गरोदरपणात बाळाला व्यंग होण्याचा धोका असतो म्हणून डॉक्टरांनी ते टाळलं. फिट्स आटोक्यात आहेत. चिडचिड मात्र फार वाढलीय. आणि जागरण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी झटके ठरलेले. घरी मी अकराला दिवे मालवते, सबमिशनच्या रात्री तिथे कोण मालवणार?

अडचण अशी की तिला कुणालाच सांगायचं नाही. "सगळ्या माझ्याकडे बघत बसतील." आमच्या वन्संचंही तेच, कारण वेगळं: बोभाटा करू नका, उद्या लग्न जमवायचंय. लग्नाला अडथळा म्हणून कायद्यात असलेला अपस्मार १९९९ मध्येच वगळला गेला. वन्संच्या डोक्यातून वगळायला कुठली दुरुस्ती लागते कोण जाणे.

मला वाटतं, खोलीत निदान एकीला तरी माहीत हवं. फिट पाच मिनिटांवर गेली तर नाकात मारायला मिडाझोलमचा स्प्रे दिलाय, तो बेशुद्ध माणूस स्वतः कसा मारणार? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, कुणाला सांगितलंत, काय शब्दांत? वॉर्डनना कळवलं तर प्रवेशाला अडचण येते का?

अंगारे, काढे, बाबा कृपया सुचवू नका. तो कोटा नातेवाइकांनी पूर्ण केलाय.

प्रतिसाद

ताई, तुम्ही सांगू नका, तिलाच सांगू द्या. मी स्वतः गोळ्या खात होस्टेलवर राहिलेय. एकाच रूममेटला, मेसच्या रांगेत उभं असताना सांगून टाकलं: मला फिट आली तर घड्याळ बघ, डोक्याखाली काहीतरी मऊ दे, झटके थांबले की कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, दाबून धरू नकोस. पाच मिनिटं झाली की स्प्रे आणि १०८. ती म्हणाली, बरं, आणि ताट पुढे केलं. वरचा बंक घेऊ नका. बाथरूमची कडी मी लावत नसे, दारावर ओढणी टाकायचे, म्हणजे आत कुणी आहे हे कळायचं. वॉर्डनना डॉक्टरांचं पत्र दिलं होतं, मला काही त्रास झाला नाही. चिडचिडीचं डॉक्टरांच्या कानावर घाला, या गोळीने ती होऊ शकते. पण मनाने गोळी बंद करू नका, एकदम सोडली तर फिट्स उसळतात.

धागाकर्ती

खूप आभार. ओढणीचं वाचून दाखवलं, पहिल्यांदाच "हं" म्हणाली. बंकचं उद्या फोन करून विचारते. रात्रीच्या जागरणाचं कुणी काय केलंत?